पंच्याहत्तर वॅट

वजनकाट्याच्या खोलीत आमचा राउटर आहे.
काटा गेला. भिंतीत कडी राहिली,
कडीला पिवळ्या फायबरचं वेटोळं.
मे महिना. बाहेर शेहेचाळीस,
आत, कूलरच्या तट्ट्या भिजवल्यावर, चौतीस.

अकराशे चाळीस कनेक्शनं, आर्वीपासून रोहण्यापर्यंत.
रात्री साडेआठला सगळी घरं एकदम जागी होतात
आणि प्रोसेसरला धाप लागते:
प्रत्येक पॅकेट उतरवून घ्या, उघडा,
पत्ता वाचा, बांधा, पुन्हा चढवा.
आठ हमाल. तरी रांग फाटकाबाहेर.

म्हणून असं कार्ड हवं,
ज्याला आधी सांगून ठेवता येईल,
दारातच जे ओळखेल.

बाबा इथंच ग्रेडर होते.
बंडी उभी राहिली की कापसात कोपरापर्यंत हात,
डोळे भलतीकडे,
आणि, "फरदड आहे. ओल बारा. बाजूला घ्या."
बंडी रिकामी होण्याआधी निकाल.
त्या हाताला कोणी काय सांगून ठेवलं होतं,
मी कधी विचारलं नाही.

पहिलं कार्ड म्हणजे कोरं सिलिकॉन.
सांगाल ते होईन म्हणतं,
सांगेपर्यंत काहीच नाही.
एकेक गोष्ट सांगायला, म्हणजे कंपाइल व्हायला, पाच तास,
आणि आमची लाइन दुपारी दोनला जाते.

दुसऱ्याच्या पोटात आणखी एक कॉम्प्युटर,
त्याचं वेगळं लिनक्स, वेगळा पासवर्ड.
माहिती मागवली तर कंपनीनं आधी सही मागितली:
वाचाल ते कोणाला सांगणार नाही.
"म्हंजे सोयरीक करा, पन पोरगी पाहू नका,"
मुकिंदा म्हणाला, आणि खांबावर चढायला निघून गेला.

तिसरं नागपूरच्या भंगारातलं.
कुठल्याशा डेटा सेंटरमधून उतरवलेलं,
कडेला मार्करनं लिहिलेलं: आर चौदा.
याच्यावर लहानसाच प्रोग्रॅम चढतो,
पण ड्रायव्हर कर्नलमध्येच, उघडा,
ज्याला वाचायचा त्यानं वाचावा.

चार रात्री मी तक्ता केला.
गिगाबिट, विलंब, रांगा, टेबलांची लांबी.
छबी उईके पाठीमागून बघत होती, हातात क्रिंपर.
"ताई, रात्री दोनले हे मेलं
अन् तुम्ही अमरावतीले असान,
तं याच्यातलं मी कोनतं दुरुस्त करू शकीन?"
माझ्या तक्त्यात तो रकानाच नव्हता.

तिसरं घेतलं.

मग उष्णता निघाली. पंच्याहत्तर वॅट खातं,
आणि स्वतःचा पंखा नाही.
कागदावर लिहिलं होतं, पंचावन्न अंशांपर्यंतची हवा चालेल.
त्यांना वाटलं असेल, हवा वाहतीच असते सगळीकडे.
मुकिंद्यानं मेलेल्या कूलरचा पंखा काढला,
सुतळीनं बांधला, चार गाठी,
पाचवी उगाच.

एक्केचाळीस ओळींचा प्रोग्रॅम चढवला.
सव्वाआठला तिघं खाटेवर बसलो.
साडेआठ. काउंटर शून्य.
पावणेनऊ. शून्य.
मी ओळी पुन्हा वाचल्या, एकोणिसावी दोनदा.
नऊला मुकिंद्याचा फोन वाजला:
पुलाजवळ जेसीबीनं फायबर तोडलं होतं.
कार्ड बिचारं दारात उभं,
गल्लीत एक बंडी नाही.

जोड बारा चाळीसला बसला.
आकडे चढू लागले, हजार, लाख,
खोट्या पत्त्यांची पॅकेटं दारातच पडू लागली,
प्रोसेसर नऊ टक्क्यांवर, जवळजवळ झोपलेला.
छबी ओरडली, "ताई, पाहा ना!"
मी भलतीकडे पाहत होते,
काट्याच्या कडीकडे.

सकाळी भिंतीवर खडूनं तिचं अक्षर:
फर्मवेअरचा नंबर, तारीख,
आणि खाली,
सुतळी दर महिन्याले बदलणे.